हवामान केंद्रातील आकडा वाटेत बदलतो तेव्हा

समजा, द्राक्षबागेतील स्वयंचलित हवामान केंद्राने पहाटे 85 टक्के सापेक्ष आर्द्रता नोंदविली. परंतु सल्ला तयार करणाऱ्या संगणकावर 69 टक्के उमटली. केवडा रोगाचा इशारा त्या दिवशी कदाचित निघणारच नाही. अशा वेळी दोष संवेदकावर टाकला जातो. प्रत्यक्षात चूक वाटेतही झालेली असू शकते.

संगणकाची लिपी 0 आणि 1 या दोनच चिन्हांची आहे. तिच्यात 85 हा आकडा 01010101 असा लिहितात. तारेतून तो विद्युतदाबाच्या चढउताराने जातो, बिनतारी मार्गाने रेडिओ लहरींतील बदलाने. जवळचा विद्युतपंप सुरू होताना उठलेल्या व्यत्ययामुळे एका 1 चा 0 झाला आणि 01000101 पोहोचले, की त्याचा अर्थ 69 होतो. आर्द्रता 190 टक्के दिसली असती तर चूक तत्काळ पकडली गेली असती. 69 टक्क्यांवर कोणी शंका घेत नाही.

यावरील सर्वांत साधा उपाय म्हणजे तपास-अंक. संदेशातील 1 ची एकूण संख्या सम राहील असा एक जादा अंक पाठविणारा जोडतो. पोहोचताना ती विषम भरली, तर बिघाड उघड होतो. मात्र दोन अंक एकदम बदलले, तर ही युक्ती फसते. म्हणून प्रत्यक्षात संपूर्ण संदेशाला ठरावीक संख्येने भागून उरलेली बाकी सोबत पाठवितात आणि ग्राहक संगणक तोच भागाकार पुन्हा करून पाहतो.

चूक कळल्यावर काय करावयाचे, हे मार्गावर अवलंबून असते. मोबाइल जाळ्यावरून इंटरनेटने जाणारी माहिती सामान्यतः क्रमांक दिलेल्या लहान पुडक्यांत विभागली जाते. पोच न आलेले पुडके पुन्हा पाठविले जाते. उपग्रहाच्या मार्गावर ही सोय नेहमी नसते. भारतीय हवामान विभागाची अनेक केंद्रे सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील इन्सॅट उपग्रहामार्फत पुण्याच्या भू-केंद्राकडे नोंदी पाठवितात. अशा केंद्रांतील प्रेषक सहसा फक्त बोलतो, ऐकत नाही. त्यामुळे प्रत्येक केंद्राला स्वतंत्र वेळ नेमून द्यावी लागते किंवा तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. तरीही एखादी नोंद हरवतेच.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरी दक्षता येथे घ्यावयाची आहे. हरवलेल्या नोंदीची जागा तक्त्यात रिकामी राहिली पाहिजे. तेथे 0 भरला गेला, तर ‘माहिती नाही’ याचे ‘पाऊस नाही’ होते आणि भिजलेल्या शेताला पुन्हा पाणी देण्याचा सल्ला जातो. शंका आल्यास शेजारच्या केंद्राच्या त्याच वेळेच्या नोंदी ताडून पाहाव्यात. बहुतेक केंद्रांतील नोंदयंत्र मूळ आकडे स्वतःच्या स्मृतीतही साठवून ठेवते. ते जागेवर जाऊन उतरवून घेता येतात.