का आणि कसं? : रिव्हॉल्वरच्या पोटातलं कुलूप

निवडणूक जाहीर झाली, की नेरळ-कर्जत भागातल्या परवानाधारकांना आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश येऊ लागतात. एरवी मात्र ती घरीच असतात. मग मुलांच्या हाती लागली तर? यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने 2001च्या सुमारास रिव्हॉल्वरमध्येच कुलूप बसवायला सुरुवात केली.

रिव्हॉल्वरच्या डाव्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्यात छोटी किल्ली फिरवली, की आतली पट्टी वर सरकते आणि घोड्यात अडकते. दारामागे पाचर ठोकावी, तसा घोडा जागीच अडतो. चाप घोड्याशी जोडलेला असल्याने तोही हलत नाही.

तरीही कित्येक बंदूकमालकांना हे कुलूप नको असतं. गोळी सुटताना हत्यार झटक्याने मागे येतं. हत्यार हलकं आणि काडतूस जोरकस असेल, तर झटका मोठा. त्या हिसक्याने पट्टी आपोआप वर सरकली, तर ऐन संकटात रिव्हॉल्वर मुकं होईल, ही त्यांची भीती. असे प्रकार झाल्याचं काहींनी सांगितलं आहे. पण ते विरळाच. कंपनीने पुढे काही मॉडेल कुलपाविनाही आणली.

मला ही भीती समजते. पण घरात मूल असेल, तर कुलूप हवंच. ते हत्यारात नसेल, तर कपाटाला तरी. आपल्याकडे 2016च्या शस्त्र नियमांनीही सुरक्षित साठवणुकीची जबाबदारी परवानाधारकावरच टाकली आहे. गोळ्या वेगळ्या ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा.