राखलेलं पांढरं

३ फेब्रुवारी २०२७ रोजी व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठं, ठणठणपाळाचं रूप, पु. लं.च्या पुस्तकांतली चित्रं हे वाचकांना पाठ आहे, त्याची उजळणी नको. कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाच्या निमित्ताने एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे: मजकुरासोबतच्या चित्रात काळं कुठे द्यायचं आणि कागद कुठे कोरा सोडायचा, याची जाण आपल्या छपाईतून झपाट्याने आटते आहे.

ही जाण कुणाच्या लहरीतून आली नव्हती. ती ब्लॉकमेकरच्या कारखान्यात घडली. काळ्या शाईत काढलेल्या चित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, मग रेषा सोडून उरलेलं जस्त आम्लाने खाऊन टाकायचे. उंच राहिलेल्या रेषेला शाई लागे, खोल गेलेला भाग पांढरा उमटे. मधल्या करड्या छटा हव्या असतील तर ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे. पण वृत्तपत्राचा कागद शाई पितो. ठिपके फुगून एकमेकांत मिसळतात आणि चेहरा काळवंडतो. दाट रेघोट्यांचंही तेच होई. म्हणून चांगल्या चित्रकाराने हातात दोनच गोष्टी धरल्या: काळी शाई आणि कोरा कागद. सरवटे तर शिक्षणाने आणि नोकरीने स्थापत्य अभियंता. कुठली रेघ भार पेलते आणि कुठली नुसती भरताड आहे, हे ओळखणारी नजर त्यांच्या रेखाटनांत मला सतत दिसते.

या विचाराचं टोक पाहायचं असेल तर स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला आणि पॅरिसच्या नियतकालिकांसाठी चित्रं काढणारा फेलिक्स व्हॅलोटन पाहा. १८९८च्या त्याच्या लाकूडठशांच्या मालिकेत ‘पैसा’ नावाचं चित्र आहे. डावीकडे खिडकीजवळ फिक्या कपड्यांतली बाई, तिच्याकडे झुकून काहीतरी पटवणारा पुरुष, आणि चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग निव्वळ काळा. पुरुषाचा कोट त्या काळ्यातच विरघळलेला. कोट कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते, कळतच नाही. खोलीत एक खुर्चीसुद्धा नाही. तरी सौदा कशाचा चाललाय आणि पारडं कुणाचं जड आहे, हे बघताक्षणी समजतं. व्हॅलोटनने तिथे गालिचा आणि पडदे काढले असते, तर आपण गालिचा आणि पडदेच पाहत बसलो असतो.

काळ्या-कोऱ्याचा हा विचार कोल्हापूरला परका नाही. बाबूराव पेंटरांनी १९२३च्या ‘सिंहगड’ चित्रपटात रात्रीची दृश्यं दाखवण्यासाठी कृत्रिम प्रकाश वापरला. आणि चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेल्या इथल्या जलरंगाच्या शिकवणीत पहिला धडाच ‘पांढरं राखा’ हा असतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. इथल्या कोटितीर्थ तलावाच्या पाण्यावरची चकाकी म्हणजे रंग न लागलेला कागद. तो आधीच राखावा लागतो. एकदा रंग बसला की परत मिळत नाही.

मजकुरासोबतच्या चित्रात हे कसं साधतं, यासाठी इथल्या पुराचं उदाहरण घ्या. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने शहर वेढलं. पूररेषेवरच्या लेखाला चित्र हवं असेल, तर वरच्या कडेला कौलारू छपरांची काळी पट्टी, तिच्याखाली विजेच्या खांबाचं टोक, आणि बाकीची चौकट कोरी. लाट नको, निळा रंग नको. ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं, त्याला त्या कोऱ्या जागेची खोली बरोबर कळेल. पाणी आपण काढलं नाही तरी तो वाचक ते भरतो, आणि भरताना लेखात शिरतो.

आता चौरंगी ऑफसेट आहे, संगणक आहे, आणि अलीकडच्या काही वर्षांत एका वाक्यावर चित्र बनवून देणारी यंत्रंही आली. बंधन उरलं नाही, तशी निवडही उरली नाही. पुरवणीत आणि दिवाळी अंकांत असली यंत्रचित्रं मी बघतो तेव्हा प्रत्येक कोपरा भरलेला असतो. सोनेरी उजेड, ढग, चकचकीत चेहरे, आणि नजर टेकायला जागा नाही. यंत्राला गाळायला सांगता येतं, हे मला मान्य आहे. पण काय गाळायचं, हे गोष्ट वाचलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

डोळे किलकिले करून चित्राकडे पाहा, असं चित्रकलेचे मास्तर सांगतात. बारकावे पुसले जातात आणि फक्त काळं-पांढरं उरतं. तेवढ्यावर विषय कळला तर चित्र उभं आहे. आजच्याच पुरवणीवर हे करून बघा.

आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना कळकळीची विनंती: या शताब्दीच्या निमित्ताने निदान एक कथा शाईने काम करणाऱ्या चित्रकाराकडे सोपवा. कथा त्याला पूर्ण वाचायला द्या, मानधन वेळेवर द्या, आणि त्याने चौकट अर्धी कोरी ठेवली तर तिथे जाहिरात बसवू नका.