बारा लेखक, बारा प्रेमकथा!

टीनएज प्रेमकथा म्हटलं की नाकं मुरडणाऱ्यांनी 'माय ट्रू लव्ह गेव्ह टू मी' हा इंग्रजी कथासंग्रह एकदा हातात घ्यावाच. संपादक स्टेफनी पर्किन्स, साल 2014, बारा लेखकांच्या बारा कथा, सगळ्या नाताळ आणि नववर्षाच्या आसपासच्या.

मला सगळ्यात भिडली ती मॅट द ला पेन्या यांची कथा. ब्रुकलिनमध्ये बर्फाचं वादळ, साहेबाच्या फ्लॅटमध्ये मांजर सांभाळायला थांबलेला शाय नावाचा कॉलेजचा पोरगा. खिसा रिकामा, पोटात कावळे, पण कबूल करायची लाज. वरच्या मजल्यावरची हेली शॉवर बिघडला म्हणून दार वाजवते. प्रेमकथेत भूक इतकी खरी क्वचितच वाचायला मिळते.

रेनबो रॉवेलची कथा एका 31 डिसेंबरवरून थेट पुढच्या 31 डिसेंबरवर उडी मारते. मधलं वर्ष आपणच भरून काढायचं. केली लिंकच्या कथेतला तरुण तर फक्त नाताळात बर्फ पडला तरच दिसतो! डेव्हिड लेव्हिथनचा नायक ज्यू, तरी बॉयफ्रेंडच्या धाकट्या बहिणीसाठी सांताचा वेश चढवतो.

बाराच्या बारा आवडतील असं नाही. दोन-तीन मला अगदीच गुळमट वाटल्या. पण अशा संग्रहाची गंमतच ती, नाही जमली तर खुशाल पुढची उघडा.

आवडला तर उन्हाळ्यावरचा जोडसंग्रह 'समर डेज अँड समर नाइट्स' (2016) पण आहे. मराठीत असा कुमारवयीन प्रेमकथांचा संग्रह माहीत असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा!