विश्लेषण : सरकारी प्रेसनोट तयार कशी होते आणि ती उशिरा का येते?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दर काही तासांनी एक छोटा मजकूर फिरत असतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती फूट, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, विसर्ग किती क्युसेक. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. चिखली-आंबेवाडीत जनावरे कधी हलवायची, हे त्या मजकुरावर ठरते. तो तासभर उशिरा आला, तर मधल्या तासात कुठला तरी जुना व्हिडीओ ‘आत्ताचा’ म्हणून गावभर फिरून आलेला असतो. हा मजकूर पत्रकारांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेची बातमी मात्र कधी होत नाही.

ही यंत्रणा कोणाची?

महाराष्ट्रात हे काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय करते. त्याचे मुख्यालय मंत्रालयात आहे, विभागीय पातळीवर विभागीय माहिती कार्यालये आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय. ‘लोकराज्य’ मासिक, ‘महासंवाद’ हे संकेतस्थळ, आकाशवाणीवरचा ‘दिलखुलास’ कार्यक्रम ही याच महासंचालनालयाची कामे. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते आणि त्यासाठी पत्रकारितेचे शिक्षण व अनुभव लागतो. म्हणजे टेबलाच्या या बाजूला बसलेला माणूस बऱ्याचदा कधीकाळी त्या बाजूला बसलेला असतो.

केंद्र सरकारसाठी हेच काम पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, करते. त्याची सुरुवात १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या गृह खात्यातील एका छोट्या कक्षापासून झाली. आज तिथले अधिकारी भारतीय माहिती सेवेतून येतात.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. माहिती अधिकाराच्या कायद्यातील ‘जन माहिती अधिकारी’ आणि हा ‘जिल्हा माहिती अधिकारी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन माहिती अधिकारी प्रत्येक कार्यालयात असतो आणि अर्ज आल्यावर त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. जिल्हा माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज येत नाही, फोन येतो. आणि विचारणाऱ्याला उत्तर ३० मिनिटांत हवे असते.

दिवसभर नेमके काय चालते?

सकाळ कात्रणांची. जिल्ह्यातील वृत्तपत्रांत प्रशासनाबद्दल काय छापून आले आहे, ते काढून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायचे. प्रतिकूल बातमी असेल तर संबंधित खात्याकडून खुलासा मागवायचा. मग पालकमंत्र्यांचा दौरा, आढावा बैठक, त्यांच्या बातम्या आणि छायाचित्रे. शिवाय अधिस्वीकृतीसाठी आलेले पत्रकारांचे अर्ज, शासकीय जाहिरातींचे वितरण आणि निवडणूक लागली की माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीचे काम.

यातला सगळ्यात अवघड भाग खुलाशाचा. समजा, एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस नव्हती, अशी बातमी आली. माहिती अधिकाऱ्याकडे औषधसाठ्याची नोंदवही नसते. तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला विचारतो, ते रुग्णालयाला विचारतात, तिथला अधिकारी रजेवर असतो. उत्तर आले तरी ते वरिष्ठांना दाखवल्याशिवाय बाहेर जात नाही. तोवर दुसऱ्या दिवसाचे पान लागलेले असते आणि बातमीखाली एक ओळ येते : ‘संपर्क साधला असता प्रतिसाद मिळाला नाही.’ वाचकाला वाटते की सरकार लपवते आहे. बऱ्याचदा ते लपवत नसते, आपल्याच कागदाचा शोध घेत असते.

मग त्या रुग्णालयातल्या डॉक्टरनेच थेट का सांगू नये? तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आड येतात. सरकारी कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय माध्यमांशी बोलण्यावर आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावर या नियमांनी बंधने आहेत. बातमीत जागोजागी दिसणारे ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ हे शब्द तिथून येतात. बोलण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला माहिती नसते आणि ज्याला माहिती आहे त्याला बोलण्याचा अधिकार नसतो. प्रेसनोट उशिरा येण्याचे अर्धे कारण या एका वाक्यात आहे.

मृतांचा आकडा का बदलतो?

आपत्तीत या कामाची खरी परीक्षा होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता, पाऊस थांबत नव्हता, मोठी यंत्रे वर नेता येत नव्हती. पायथ्याशी कॅमेरे होते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच : किती?

अशा वेळी तोंडी आकडे तीन-चार असतात. गावकऱ्यांचा वेगळा, बचाव पथकाचा वेगळा, वर जाऊन आलेल्या नेत्याचा वेगळा. अधिकृत प्रवक्त्याला मात्र हाती लागलेल्या मृतदेहांचाच आकडा देता येतो. चार दिवसांनी शोधमोहीम थांबवली तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. हे ५७ जण ढिगाऱ्याखाली आहेत, हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी पत्रकात त्यांच्यापुढे ‘मृत’ लिहिता येत नाही, कारण त्या शब्दावर मृत्यूचा दाखला, वारस नोंद आणि मदतीची रक्कम अवलंबून असते. नातेवाइकांना ‘बेपत्ता’ हा शब्द निर्दय वाटतो आणि तसा तो आहेच. पण उलट चूक झाली, जिवंत माणूस मृतांच्या यादीत गेला, तर त्या घरावर काय ओढवेल, तेही लिहिणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवावे लागते.

करोनाच्या काळात हेच राज्यभर झाले. आरोग्य विभागाचे पत्रक रोज संध्याकाळी यायचे आणि लोक हवामानासारखे ते पाहायचे. १६ जून २०२० रोजी आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एकदम जोडले गेले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले होते. रुग्णालये, महापालिका आणि राज्य यांच्या नोंदींचा ताळमेळ घालताना हा फरक निघाला, असे स्पष्टीकरण आले; विरोधकांनी मृत्यू दडवल्याचा आरोप केला. आकडा दुरुस्त झाला हे योग्यच झाले. पण रोज संध्याकाळी ठामपणे दिलेली संख्या अपुरी असू शकते, हे त्या आधीच्या पत्रकांत ठळकपणे लिहिलेले असते, तर दुरुस्तीच्या दिवशी इतका संशय आला नसता. ‘आतापर्यंत नोंद झालेले’ हे तीन शब्द लिहायला सरकारी प्रसिद्धी खाती का कचरतात, हे एक कोडेच आहे.

अफवेपुढे पत्रक किती टिकते?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, मंगळवेढा परिसरातून भिक्षा मागत आलेले लोक होते. मुले पळवल्याच्या अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर राज्यभर फिरत होत्या. बाजाराच्या दिवशी फोनमध्ये व्हिडीओ असतो. खंडन असते ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, तेही प्रमाण मराठीत. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पाड्यावर ते कसे पोहोचणार? त्यानंतर पोलीस आणि माहिती कार्यालये स्वतः समाजमाध्यमांवर उतरली आहेत. दवंडी, ग्रामसभा आणि पोलीस पाटील ही जुनी साधने मात्र पत्रकापेक्षा अजूनही वेगाने गावात शिरतात.

माहिती आणि प्रसिद्धी यांची सीमा कुठे?

या नोकरीतला खरा ताण इथे आहे. माहिती व जनसंपर्क हा विभाग परंपरेने मुख्यमंत्र्यांकडे असतो. पुराचा इशारा देणारे आणि मंत्र्यांच्या दौऱ्याची छायाचित्रे पाठवणारे कार्यालय एकच. वर्तमानपत्रांना जाहिराती वाटणारेही तेच. छोट्या जिल्हा दैनिकाचा महिना सरकारी जाहिरातींवर निघत असेल, तर त्याच कार्यालयाच्या प्रेसनोटवर उलटा प्रश्न विचारायला किती बळ लागत असेल, याची कल्पना करता येते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याशिवाय कोणाचे छायाचित्र नको, असे बजावले होते. राज्यांच्या फेरविचार याचिकांनंतर मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली. परिणाम रोज पहिल्या पानावर दिसतो.

खरे-खोटे सरकारने ठरवावे का?

पीआयबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये तथ्य पडताळणी कक्ष सुरू केला. व्हायरल संदेशावर ‘हे खोटे आहे’ असा शिक्का मारून तो समाजमाध्यमांवर टाकणे, एवढे त्याचे काम. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून सरकारी कक्षाच्या अशा शिक्क्याला कायदेशीर वजन दिले. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा मजकूर कक्षाने खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवला आणि समाजमाध्यम कंपनीने तो तसाच ठेवला, तर तिचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते.

विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली. केंद्राने मार्चमध्ये कक्ष अधिसूचित केला, तर दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. अखेर २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी हा बदल घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे सरकारी माहिती यंत्रणेला खंडन करता येते, पुरावा जोडता येतो, मजकूर चुकीचा आहे असे जाहीरही करता येते. पण या नियमाच्या जोरावर तो हटवण्यासाठी कंपनीवर दबाव आणता येत नाही. जिल्हा माहिती अधिकारी तर असा शिक्का हाती नसतानाच काम करत आला आहे : खात्याकडून कागद मिळवायचा, नोट लिहायची आणि पत्रकारांच्या ग्रुपवर टाकायची.