अंगठ्याखालची बटणे लिनक्सवर कामाला कशी लावावीत?

दोन बटणे आणि मध्ये एक चाक, एवढ्यावर माऊसची ओळख संपत असे, तो काळ मागे पडला. अंगठ्याखाली दोन जादा बटणे असलेला माऊस आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. विंडोजसाठी त्याच्यासोबत कंपनीचे सॉफ्टवेअर येते. लिनक्सच्या वापरकर्त्याला मात्र बहुतेक कंपन्या त्याच्या नशिबावर सोडून देतात. माऊस जोडल्यावर ब्राउझरमध्ये ही बटणे मागचे व पुढचे पान दाखवतात आणि अनेकांचा शोध तिथेच थांबतो. ज्याचे बोट दिवसभर चाक दाबून दुखावले आहे, किंवा ज्याला एकाच हाताने काम करावे लागते, त्याच्यासाठी मात्र ही बटणे चैनीची वस्तू नव्हेत.

लिनक्सवर वर्षानुवर्षे पडद्याचा कारभार पाहिला तो १९८४ साली एमआयटीमध्ये जन्मलेल्या 'एक्स विंडो सिस्टीम'ने. ही प्रणाली बटणांना नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखते. डावे बटण १, मधले २ आणि उजवे ३. चाक नंतर आले आणि त्याच्यासाठी वेगळी सोय नसल्याने त्यालाही बटणच मानण्यात आले. चाक वर फिरवणे म्हणजे चौथे बटण दाबणे, खाली फिरवणे म्हणजे पाचवे. आडव्या सरकण्याने ६ आणि ७ हे क्रमांक व्यापले. त्यामुळे अंगठ्याखालच्या बटणांच्या वाट्याला ८ आणि ९ आले. एवढे ध्यानात आले, की पुढचे काम सोपे होते.

'एक्सईव्ही' हा छोटा प्रोग्राम टर्मिनलमधून सुरू करून त्याच्या खिडकीत बटण दाबले, की क्रमांक समोर उमटतो. खेळांसाठीच्या काही बारा बटणी माऊसमध्ये बाजूची बटणे प्रत्यक्षात कीबोर्डवरचे आकडे पाठवतात. क्रमांकाऐवजी कळेचे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये. पुढे 'एक्सइनपुट'ला बटणांची नवी यादी द्यायची. यादीतील आठव्या जागी २ लिहिले, की अंगठ्याचे बटण चाक दाबल्याचे काम करू लागते. लिनक्सवर मधल्या बटणाने निवडलेला मजकूर थेट चिकटवता येत असल्याने हा बदल हाताला मोठा आराम देतो. डावखुऱ्यांनी १ आणि ३ यांची अदलाबदल करावी. माऊस काढून पुन्हा लावला की ही यादी विसरली जाते, म्हणून ती आज्ञा लॉगइनच्या वेळी आपोआप चालेल अशी ठेवणे शहाणपणाचे. बटणाने एखादा प्रोग्राम सुरू करायचा असेल, तर 'एक्सबाइंडकीज' उपयोगी पडतो.

हे सारे जमून आल्यावर एखाद्या दिवशी प्रणाली अद्ययावत केली जाते आणि बटणे पुन्हा मुकी होतात! दोष माऊसचा नसतो. एक्सची जागा आता 'वेलँड'ने घेतली आहे. फेडोराने २०१६ साली आपल्या पंचविसाव्या आवृत्तीत ते मूळ पर्याय म्हणून स्वीकारले. एक्समध्ये कोणताही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकत असे, अगदी पासवर्डसुद्धा. वेलँडने ही खिडकी बंद केली, आणि त्याच खिडकीतून काम करणारी 'एक्सबाइंडकीज'सारखी साधने निकामी झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण ज्यांचे रोजचे काम या साधनांवर चाले, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. आपल्या यंत्रावर काय चालते, ते सेटिंग्जमधील प्रणालीच्या माहितीत कळते. 'एक्सइनपुट'च्या यादीत माऊसच्या नावाऐवजी 'एक्सवेलँड' असे काही दिसले, तरी तेच समजावे.

वेलँडवर तीन वाटा आहेत. केडीई प्लाझ्मा वापरणाऱ्यांची सोय सर्वांत चांगली: २०२२ सालच्या ५.२६ या आवृत्तीपासून जादा बटणांना कीबोर्डची कळ वा कळांची जोडी सेटिंग्जमधूनच नेमून देता येते. नोमवर 'इनपुट रीमॅपर' वापरता येतो. तो पडद्याच्या प्रणालीखाली, थेट कर्नेलकडून येणारे संकेत वाचतो आणि एका आभासी उपकरणातून बदललेले संकेत पुढे पाठवतो. म्हणूनच तो एक्सवरही चालतो आणि वेलँडवरही. अर्थात त्यासाठी त्याला प्रशासकाचे अधिकार द्यावे लागतात, म्हणजे वेलँडने बंद केलेली खिडकी वापरकर्ता स्वतःच्या हाताने थोडी किलकिली करतो. हे जाणून केलेले बरे.

तिसरी वाट 'पायपर'ची. स्वतःची स्मृती असलेल्या माऊसमध्येच तो बटणांची नेमणूक लिहून ठेवतो. त्याला ठरावीक मॉडेलेच कळतात, तेव्हा खरेदीपूर्वी ती यादी पाहून घ्यावी. पण एकदा नेमणूक केली, की तोच माऊस कार्यालयातल्या विंडोजच्या संगणकाला लावला तरी बटणे तसेच काम करतात.