सक्करदऱ्यातले कवड्यांचे तोरण

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या आमच्या नागपुरात, सक्करदरा आणि महाल या जुन्या वस्त्यांमधून हिंडताना एखाद्या घराच्या चौकटीवर कवड्यांचे तोरण, देव्हाऱ्यात शंख आणि कोनाड्यात तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ, अशी समुद्राची लेणी अजूनही दृष्टीस पडतात. अलीकडे काचेच्या भांड्यात वाळू आणि शिंपले मांडून दिवाणखान्याला किनाऱ्याची कळा आणण्याची हौस वाढली आहे. ती हौस गोड आहे. मात्र सक्करदऱ्यातल्या गृहिणीने त्यासाठी अन्यत्र पाहण्याचे कारण नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

माझी आजी पोळ्याच्या आधी जुने तोरण उतरवून ते नव्याने ओवीत असे. परातीत पाणी घेऊन, खरबरीत दगडावर एकेका कवडीची फुगीर पाठ ती संथपणे घासू लागली की पाण्याला चुन्याची पांढरी साय चढे, आणि पाठ झिजून भोक पडले की आतली वळी, एरवी कुणालाही न दिसणारी, उघडी होई. अशी घासलेली कवडी सपाट बसते, तिच्यातून दोरा सहज जातो, आणि दातेरी चिरेची बाजू तेवढी पाहणाऱ्याकडे राहते. बैलांच्या मठाट्या सजविणारे आणि काचोळीवर कवड्या टाकणाऱ्या बंजारा स्त्रियाही हीच बाजू बाहेर ठेवतात. कवडीची झिलई कुणी चढविलेली नसते. जिवंतपणी कवडीतल्या सागरी गोगलगाईचा मांसल पदर दोन्ही अंगांनी वर येऊन कवच झाकतो, म्हणून ते कवच असे नितळ राहते.

आजी मोजी ती गंड्यांनी, चार कवड्यांचा एक गंडा; आणि या मोजणीमागे नागपूरच्या भोसल्यांच्या दौलतीचा एक मोठा अध्याय उभा आहे, हे मला फार उशिरा कळले. १७५१ च्या तहाने बंगालच्या अलिवर्दीखानाकडून ओरिसा रघूजी भोसल्यांच्या अंमलाखाली आला, आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने कटकचा मुलूख इंग्रजांकडे जाईपर्यंत, म्हणजे तब्बल बावन्न वर्षे, पुरी-बालासोरचा किनारा नागपूरकरांचा होता. मालदीव बेटांतून जहाजे भरभरून कवड्या त्या किनाऱ्यावर उतरत, आणि तेथील रयत सरकारचा वसूल कवड्यांतच भरीत असे: वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा कहाण, म्हणजे १२८० कवड्या. पुढे इंग्रजांनी कवडी बाद करून चांदीच्या रुपयांत सारा मागितला, तेव्हा जमीनदारांची आणि रयतेची जी कुचंबणा झाली ती तेथील पाइक शिपायांच्या १८१७ च्या उठावाचे एक कारण ठरली. ज्या वस्तूला आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, तिच्यावर एका सुभ्याची जमाबंदी चालत होती! सक्करदऱ्यात भोसल्यांचा वाडा आहे. त्याच्या आसपास नांदणाऱ्या घरांनी दारावर कवडी लावावी यात मला मोठे औचित्य वाटते.

नव्याने सजावट करणाऱ्यांना मात्र एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. किनाऱ्यावरच्या दुकानांत मोठमोठे देखणे शंख दिसतात, आणि ते पाहून मोह होतो. परंतु त्यांतील कित्येक जाती, उदाहरणार्थ नॉटिलस किंवा शिंगाळा कॅसिस, २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. विकणाऱ्याला जात विचारावी. उत्तर गुळमुळीत आले तर हात आखडावा.

तोरण धुताना निवळ पाणी आणि मऊ फडके पुरते. पितळेची भांडी उजळण्याच्या सवयीने कवड्यांना चिंच मात्र लावू नये. कवडी चुन्याची असते, आंबटाने तिची झिलई जाते आणि ती पुन्हा येत नाही.