दूरचा वाघ आणि उशाजवळची मण्यार

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक अनपेक्षित पाहुणा आला. येडशीजवळच्या रामलिंग घाट अभयारण्यात वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात त्याचे छायाचित्र उमटले, आणि पाहता पाहता ती वार्ता गावोगाव पसरली. पट्टेदार वाघ! यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अरण्यातून निघून, शेते, सडका व नद्या ओलांडीत, शेकडो किलोमीटरांची वाट एकट्याने चालून तो बालाघाटाच्या डोंगरांतील या लहानशा रानात येऊन पोहोचला होता. त्याने गुरे मारली, लोक धास्तावले, आणि २०२५ च्या आरंभी त्याला बेशुद्ध करून पकडण्याचे प्रयत्नही झाले.

त्या दिवसांत आमच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. सहल येडशीलाच न्यावी, असा मुलांचा हट्ट होता. मग एकाने विचारले, "सर, जगातले सगळ्यांत घातक प्राणी कुठे कुठे पाहायला मिळतात?" आम्हांसही हुरूप आला. भिंतीवर जगाचा नकाशा टांगून आम्ही काठीने एकेक स्थळ दाखवू लागलो. उत्तर ध्रुवाकडील बर्फावरचे पांढरे अस्वल, आफ्रिकेतील नाईल नदीची सुसर, इंडोनेशियाच्या बेटांवरील कोमोडोची प्रचंड घोरपड, ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातील विषारी जेलीमासा. असे प्राणी पाहण्यासाठी पृथ्वीप्रदक्षिणा करणारे लोक आहेत, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारले. तो तास उत्तम झाला, असे आम्हांस वाटले. पुढे ते मत बदलावे लागले. ते का बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम 'घातक' या शब्दाचा अर्थ नीट लावू. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात तैपान नावाच्या सापाची एक जात राहते. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत तिचे विष जगातील सर्व सापांच्या विषांहून तीव्र ठरले आहे. तथापि, त्या सापाच्या दंशाने मनुष्य दगावल्याची नोंद जवळजवळ नाहीच. कारण उघड आहे. तो राहतो तेथे माणसे फारशी राहत नाहीत, तो स्वभावाने भित्रा आहे, आणि ज्या थोड्यांस तो चावला त्यांस उपचार मिळाले. आता भारताकडे पाहा. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे सरासरीने दरवर्षी सुमारे ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतले आहेत.

यावरून असे दिसते की, प्राण्याचे घातकपण एकट्या त्याच्या विषात अगर दातांत नसते. त्याची व माणसाची गाठ किती वेळा पडते, आणि गाठ पडल्यावर औषध किती लांब असते, यांवर ते अवलंबून आहे. वाघाची गाठ आयुष्यात एकदा पडली तरी ती बातमी होते. मण्यारीची गाठ अंथरुणात पडते, आणि तिची बातमी पुष्कळदा होतच नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या आठवीतील एका मुलाच्या वडिलांस मध्यरात्री पोटात कळ येऊन जाग आली. ते घरात जमिनीवर निजले होते. अंगावर जखम दिसेना, वेदना पोटातच होती. घरच्यांनी अपचन समजून ओवा व गरम पाणी दिले. पहाटे त्यांच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या आणि बोलणे अडखळू लागले, तेव्हा कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांस उतारा देणाऱ्याकडे नेले. इस्पितळ गाठेपर्यंत श्वास थांबला होता. अंथरुण झाडताना मण्यार निघाली. पंधरा दिवसांनी तो मुलगा शाळेत आला. त्याने एवढेच विचारले, "सर, पोटात दुखणे हे साप चावल्याचे लक्षण असते, हे तुम्हांला ठाऊक होते का?" आम्हांस ठाऊक होते. वीस वर्षे विज्ञान शिकवीत असता अमेरिकेतील खुळखुळ्या सापाचे चित्र आम्ही फळ्यावर कितीदा तरी काढले; मण्यारीचे एकदाही काढले नव्हते.

म्हणून तो राहिलेला धडा येथे देतो.

आपल्याकडे सापांच्या पुष्कळ जाती आहेत. धामण, दिवड, कवड्या, तस्कर यांसारख्या बहुतेक जाती बिनविषारी होत. माणसांचे सर्वाधिक बळी चार जाती घेतात: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग फणेमुळे सर्वांच्या ओळखीचा आहे. मण्यार काळसर निळी, चकचकीत असून तिच्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, असतात. ती रात्री हिंडते. तिचे दात लहान, त्यामुळे दंश पुष्कळदा कळतही नाही. राजस्थानच्या काही भागांत तिला 'पीवणा' म्हणतात. निजलेल्या माणसाचा श्वास ती पिऊन जाते, अशी तेथील समजूत आहे. समजूत खोटी, परंतु ज्यांनी ती बसवली त्यांनी पाहिलेले खरे होते. जखम नाही, सूज नाही, आणि माणूस श्वास कोंडून मेलेला! नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंस जाणारी आज्ञा अडवते. आधी पापण्या मिटतात, मग गिळणे व बोलणे कठीण होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

घोणस जाड, तपकिरी असून तिच्या पाठीवर साखळीसारख्या गडद गोलांच्या ओळी असतात. डिवचल्यास ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार करते. अजाण माणूस तिला अजगराचे पिलू अथवा निरुपद्रवी डुरक्या घोणस समजून हात लावतो. फुरसे वीतदीड वीत लांबीचे, खडकाळ माळाचे रहिवासी. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज काढते. या दोघांचे विष रक्तावर घाला घालते. रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाऊ लागते, आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. येथे डॉक्टर एक साधी कसोटी घेतात. रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. निरोगी रक्त तेवढ्या वेळात गोठते. न गोठल्यास विष भिनले असे समजावे. महागड्या यंत्रावाचून ही कसोटी लहान दवाखान्यातही होते.

आता औषधाविषयी. पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश वैद्य आलेप्पो शहरी प्लेगच्या रोग्यांची सेवा करून पुढे विशाखापट्टणमला आला, आणि १७९६ साली त्याने भारतीय सापांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. घोणशीच्या शास्त्रीय नावात आजही त्याचे नाव आहे. विषारी कोण व बिनविषारी कोण, हे लोकांस ओळखता यावे, ही त्याची तळमळ होती. शंभर वर्षांनी आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्याने व्हिएतनाममधील सायगाव येथे नागाच्या विषावर काम आरंभले आणि १८९० च्या दशकात सर्पविषावरील पहिला रक्तद्रव तयार केला. ब्राझीलमधील व्हिताल ब्राझील याने पुढे दाखवून दिले की, एका सापाचा उतारा दुसऱ्यास चालत नाही. म्हणून आपल्या देशातील औषध वरील चारही सापांची विषे वापरून करतात. ती विषे अल्प मात्रेत घोड्यास टोचतात; घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये निर्माण होतात; त्या रक्तातून ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी दीर्घकाळ जोडलेले आहे. आणि विष येते कोठून? तमिळनाडूतील इरुळा जमातीचे लोक पिढ्यानपिढ्या साप पकडणारे. १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था सापांचे विष काढून देते व सापांस पुन्हा रानात सोडते.

एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. या औषधाची मात्रा लहान मुलास व मोठ्या माणसास सारखीच लागते, कारण साप समोरच्याचे वय पाहून विष कमी सोडीत नाही. उलट, मुलाचे शरीर लहान म्हणून त्याच्या बाबतीत वेळ अधिक मोलाची.

दंश झाल्यास काय करावे? रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. हातापायांतील अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत. मोडलेल्या हाडास जशी फळी बांधतात तशी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा, आणि १०८ क्रमांकास कळवून अथवा मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी इस्पितळ गाठावे. दोरीने आवळू नये, चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, सापाच्या मागे धावू नये. मंत्र घातल्याने माणूस वाचला असे दिसते ते पुष्कळदा साप बिनविषारी असतो म्हणून, अथवा विषारी सापाने विष न सोडताच दंश केलेला असतो म्हणून. दंश टाळण्याचे उपाय तर याहून सोपे आहेत. जमिनीवर न निजता खाटेवर निजावे, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी, रात्री पिकास पाणी देण्यास जाताना विजेरी व उंच बूट वापरावेत, आणि सोयाबीनची गंजी किंवा कडबा उपसताना आधी काठीने हलवावा. साप मारू मात्र नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मनाई आहे, आणि उंदीर खाऊन तो आपले धान्य राखतो.

विंचवाची कथाही येथेच सांगितली पाहिजे. आपल्या जुन्या माळवदी घरांच्या दगडमातीच्या भिंतींत त्याला भरपूर जागा मिळते. तांबड्या विंचवाच्या दंशाने घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकते व फुफ्फुसांत पाणी साठते. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेमणुकीस असता असे रोगी त्यांच्यापुढे मरत. रात्र रात्र खाटेजवळ बसून त्यांनी प्रत्येक लक्षण टिपून ठेवले, आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध यावर उपयोगी पडते, असे १९८६ साली 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात मांडले. गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांपैकी पूर्वी चाळीसपर्यंत दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. घातक प्राणी शोधण्यासाठी ते जगभर हिंडले नव्हते. समोर आलेला रोगी त्यांनी नीट पाहिला.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही जग अवश्य पाहा. रसेल व काल्मेत घरी बसते तर आपणांस आजचे ज्ञान लाभले नसते. परंतु प्रवासास निघण्यापूर्वी आपल्या घराचा उंबरा, आपल्या शेताचा बांध व आपली अंथरुणाची जागा एकदा डोळसपणे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशास उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प २०२४ साली जाहीर केला. त्या संकल्पातील तुमचा वाटा हा की, या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरी एवढे तरी सांगावे: पावसाळ्यात रात्री एकाएकी पोटात कळ आली आणि पापण्या जड होऊ लागल्या, तर ओवा शोधीत बसू नका, गाडी शोधा.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर आता जगाच्या नकाशाशेजारी मण्यारीचे एक मोठे चित्र लावलेले आहे. ते त्या मुलानेच काढले आहे. पांढरे पट्टे त्याने जोडीजोडीने, अगदी बरोबर काढले आहेत.